परदेशी पोहोचलेल्या लेकराला पहिला प्रश्न काय विचाराल?



गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी माझी नात, माझ्या लेकीची लेक, शिकायला जर्मनीला पोहोचली. त्या रात्री ती आमच्याशी तीनदा खोटं बोलली. आज त्याबद्दल लिहिते आहे. तिची तक्रार करायला नाही, माझी स्वतःची चूक सांगायला. कारण आता आपल्या खानदेशात घरटी एखादं लेकरू बाहेर निघालं आहे आणि मी जे केलं तेच तुमच्यातल्या बऱ्याच जणी करत असणार.

आधी आमच्या घराबद्दल दोन शब्द, नव्या वाचकांसाठी. आम्ही दीपनगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत राहतो. आमचे हे इथूनच निवृत्त झाले आणि पुढे मुलगाही इथेच लागला, म्हणून चिमण्यांचा धूर आणि राखेची झाडझूड आमच्या नशिबी कायम राहिली. लेक जळगावात दिली आहे. तिची मुलगी लहानपणापासून हुशार. इंजिनिअर झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या मॅग्डेबर्ग शहरात तिला प्रवेश मिळाला. घरात आनंदीआनंद. मी बी.कॉम. असल्यामुळे पैशांची फाईल माझ्याकडे. तिकडे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि दर महिन्याला त्यातले 992 युरोच काढता येतात. ते सगळं मी वहीत मांडून जावयांना समजावून दिलं. हिशेबात मी कुठे चुकले नाही. चुकले ते दुसरीकडेच.

चातुर्मासात आम्ही भुसावळला स्थानकात दर्शनाला जात होतो. नातीचं जायचं ठरल्यावर मीच पुढाकार घेतला. म्हटलं, परक्या देशात चालली आहे, नियमाचं कवच बरोबर हवं. महासतीजींसमोर तिला उभं केलं आणि दोन वर्षांसाठी दोन पच्चक्खाण घ्यायला सांगितलं. कंदमूळ नाही आणि रात्रिभोजन नाही. महासतीजी म्हणाल्या, "परदेशाची गोष्ट आहे, आगार ठेवून घ्या, जमेल तेवढंच घ्या." मीच म्हणाले, "जमेल हो महाराजसा, आमची पोर पक्की आहे." पोरीने घरी येताना रिक्षात विचारलं, "नानी, तिथे दिवस कधी मावळतो गं?" मी म्हटलं, "होतं सगळं. नियमाची ताकद वेगळीच असते."

तिचा प्रश्न किती नेमका होता हे मला नंतर कळलं. मॅग्डेबर्ग आपल्यापेक्षा खूप उत्तरेला. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत सूर्य असतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारलाच मावळतो. चारला पोरगी वर्गात बसलेली असणार. म्हणजे हिवाळ्यात दुपारच्या जेवणानंतर थेट दुसऱ्या दिवशीची न्याहारी! मी दीपनगरच्या सूर्याचा नियम करून तिच्या हातात दिला होता.

निघायच्या आठवड्यात मी आणि लेकीने मिळून खाखरे केले. मेथीचे, जिऱ्याचे, साधे, प्रत्येकी चार पाकिटं, एकूण बारा. प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी लावली आणि यादी माझ्या वहीत. शिवाय मुगाचे पापड, सुक्या कैरीची पूड, भाजके मुरमुरे. सगळं मोठ्या बॅगेत नीट बसवलं. चादर, उशीची खोळ, पातळ रजई, तेही त्याच बॅगेत. हातातल्या पिशवीत कागदपत्रं, लॅपटॉप, एक राजगिऱ्याच्या चिक्कीचं पाकीट आणि माळ. जळगाव स्टेशनवर निरोपाला पंधरा-वीस माणसं. आजूबाजूचे लोक बघत होते की लग्नाची वरात आहे की काय.

रविवारी रात्री साडेअकराला तिचा फोन आला. तिकडे संध्याकाळचे आठ. जळगावला लेकीच्या हॉलमध्ये सगळे जागे. व्याही, विहीणबाई, त्यांची धाकटी जाऊबाई, शेजारचे काका, मी, हे. फोन टीव्हीला जोडलेला. पडद्यावर पोरीचा चेहरा एवढा मोठा! सगळे एकदम बोलायला लागले. खोली दाखव. खिडकी दाखव. थंडी आहे का? तिने फोन फिरवून एक खिडकी दाखवली, एक टेबल दाखवलं. जावयांनी विचारलं, "सामान आलं ना नीट?" ती म्हणाली, "हो पप्पा." लेकीने विचारलं, "जेवलीस?" ती म्हणाली, "हो मम्मी, खाखरा खाल्ला." आणि मग सगळ्यांच्या वरताण माझा आवाज, "सूर्यास्ताच्या आत ना?" ती म्हणाली, "हो नानी, गाडीतच."

हॉलमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. विहीणबाई म्हणाल्या, "संस्कार आहेत बाई." मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो नातीबद्दलचा नव्हता, माझ्याबद्दलचा होता.

बुधवारी तिचा पुन्हा फोन आला, यावेळी फक्त मला. आवाज हसरा होता. म्हणाली, "नानी, तुझी बाराच्या बारा पाकिटं नीट आहेत, एकही खाखरा तुटला नाही." मी आयुष्यभर घरचा जमाखर्च लिहिला आहे. आकडा कानावर पडला की मन आपोआप वजाबाकी करतं. मी विचारलं, "बारा? मग रविवारी गाडीत खाल्लास तो कुठला?"

तिकडे शांतता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विमान बदलताना तिची मोठी बॅग मागेच राहिली होती, ती मंगळवारी खोलीवर आली. विमानात जैन जेवण सांगून ठेवलं होतं, पण समोर आलेल्या ताटात बटाटा होता, म्हणून तिने फळाचे तुकडे तेवढे खाल्ले. फ्रँकफर्टला उतरली, बॅगेच्या तक्रारीचा कागद भरण्यात वेळ गेला, मग चार तासांची रेल्वे. स्टेशनवर ब्रेडची दुकानं होती, पण पाटीवरची भाषा कळेना आणि कशात अंडं आहे हे विचारायची लाज वाटली. मॅग्डेबर्गला पोहोचली तेव्हा अंधार पडलेला. वाटलं, खोलीजवळच्या दुकानातून दूध-फळं घेऊ. तर सगळी दुकानं बंद! जर्मनीत रविवारी किराणा-भाजीची दुकानं कायद्यानेच बंद असतात. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. मुलांच्या वसतिगृहातल्या खोलीत पलंगावर नुसती गादी, चादर नाही, उशी नाही. ती त्या गादीवर जॅकेट अंगावर घेऊन बसली होती आणि समोर चिक्कीचं रिकामं पाकीट होतं. तेव्हाच आम्ही वीस जण टीव्हीवर तिचा मोठा चेहरा बघत होतो.

फोन ठेवल्यावर ती रडली. भिंतीपलीकडे नागपूरची एक मुलगी राहते, तिने आवाज ऐकून दार वाजवलं. रात्री साडेदहाला तिने गरम खिचडी आणून दिली. त्यात कांदाही होता आणि बटाटाही. नातीने ती सगळी खाल्ली. मग पुन्हा रडली.

मी विचारलं, "आम्हाला का नाही सांगितलंस बेटा?" ती म्हणाली, "नानी, तू सगळ्यांसमोर विचारलंस. मी काय सांगणार होते? पहिल्याच दिवशी मोडलं म्हणून?" आणि मग विचारलं, "प्रायश्चित्त काय घेऊ?"

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता माझं मत मांडते. श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये असत्याचा त्याग हे दुसरं अणुव्रत आहे. रात्रिभोजन आणि कंदमुळाचे नियम आपण पहिल्या व्रतासाठी, अहिंसेसाठी पाळतो. पण त्या नियमांचा देखावा राखण्यासाठी आपण लेकरांना दुसरं व्रत मोडायला लावतो आणि ते मोडलेलं आपल्याला दिसतही नाही. बटाटा खाल्लेला ताटात दिसतो. खोटं बोललेलं कशात दिसणार? माझ्या नातीने खिचडी खाल्ली त्यात मला मोठा दोष वाटत नाही. भुकेल्या, घाबरलेल्या पोरीने खाल्ली. पण ती खोटं बोलली तो दोष माझा आहे, कारण खरं बोलायची जागाच मी तिला ठेवली नव्हती.

पच्चक्खाणाच्या पाठात आपण आगार बोलतो की नाही? पाठ म्हणताना आपलं लक्ष नसतं, पण पूर्वाचार्यांनी तिथे सवलती शब्दांत मांडून ठेवल्या आहेत. विसरून खाल्लं गेलं तर, अचानक तोंडात पडलं तर, मोठ्यांच्या आज्ञेवरून, आणि जीवाची समाधी टिकवण्यासाठी, म्हणजे शरीर-मन फारच व्याकूळ झालं तर. व्रत देणाऱ्यांना माणूस माहीत होता. व्रत घेणारा कधी आजारी पडेल, कधी वाटेत अडकेल, हे धरूनच त्यांनी दार थोडं उघडं ठेवलं. ते दार बंद करतो ते आपण, आज्या, नान्या, सासवा. आम्ही शास्त्रापेक्षा कडक!

या निमित्ताने मला एक जुनी गोष्ट पुन्हा वाचावीशी वाटली. गांधीजींची. 1888 साली ते बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाले तेव्हा अठरा वर्षांचे होते. आई पुतळीबाई तयार होईनात. तिकडे मुलगे मांस खातात, दारू पितात असं त्यांच्या कानावर आलेलं. तेव्हा मार्ग काढला तो आपल्याच एका साधूंनी. बेचरजी स्वामी हे मूळचे मोढ वाणी, पुढे जैन साधू झालेले. त्यांनी मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा मुलाला दिली आणि मग आईने परवानगी दिली. तीनच गोष्टी. मुंबईत जातीच्या पंचांनी तर त्यांना वाळीत टाकलं आणि जो निरोपाला जाईल त्याला सव्वा रुपया दंड लावला. आमच्या पोरीला निरोपाला वीस माणसं, त्यांना दंडाची धमकी!

4 सप्टेंबरला ते मुंबईहून जहाजात बसले. इंग्रजी बोलायची लाज आणि कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारायचं धाडस नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर जातच नसत. घरून नेलेली मिठाई आणि फळं खोलीतच खात. वाचताना मला नातीची स्टेशनवरची ब्रेडची दुकानं आठवली. महिनाअखेर ते इंग्लंडला उतरले. उतरताना घालायचा म्हणून पांढरा फ्लॅनेलचा सूट जपून ठेवलेला. उतरून बघतात तर एवढ्या गर्दीत पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. सामान एका कंपनीच्या माणसाच्या ताब्यात दिलेलं, किल्ल्यांसकट. तो दिवस शनिवार असल्याचं त्यांनी आठवून लिहिलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून सामान मिळणार नाही असं कळलं! म्हणजे कपडे बदलायचीही सोय नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण परदेशातला रविवार आपल्या लेकरांना तसाच आडवा येतो बघा.

त्या संध्याकाळी त्यांना भेटायला डॉ. प्राणजीवन मेहता आले. हेही जैन, मोरबीचे. गांधीजींनी सहज त्यांची उंच टोपी हातात घेऊन तिच्या मखमलीवरून उलटा हात फिरवला तेव्हा डॉक्टरांनी थोडं रागावूनच अडवलं. मग इकडच्या रीती सांगितल्या. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्या भेटीत प्रश्न विचारू नयेत, मोठ्याने बोलू नये. हॉटेल महागडं, बिल तीन पौंड झालं, तरी पोट उपाशीच. पुढे ज्या घरी राहिले तिथे सकाळी ओटची लापशी मिळे तेवढ्याने पोट भरे. दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि जॅम. पावाचे दोन-तीन तुकडे झाले की आणखी मागायची लाज. रात्री आई आणि घर आठवून डोळ्यांना धारा लागत. हे सगळं त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिलं आहे, पण त्या वेळी सांगायला कोणी नव्हतं.

मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. शाकाहारी जेवण शोधत ते रोज दहा-बारा मैल चालत आणि एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी खाणावळ सापडली. तिथे त्यांनी हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक विकत घेतलं आणि इंग्लंडमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवले. ते पुस्तक वाचल्यावर आपण स्वतःच्या पसंतीने शाकाहारी झालो, असं ते म्हणतात. तोपर्यंत ते आईला दिलेल्या शब्दासाठी मांस खात नव्हते, मनात मात्र होतं की सगळ्यांनी मांस खायला हरकत नाही. प्रतिज्ञेने त्यांना त्या खाणावळीच्या दारापर्यंत सांभाळून नेलं, हे खरं. पण पुढे जन्मभर जे टिकलं ते त्यांनी स्वतः वाचून, पटवून घेतलेलं. दिलेला नियम आणि घेतलेला नियम यात एवढं अंतर आहे.

आणि दुसरी आठवते आपली आनंदीबाई जोशी. 'आनंदी गोपाळ' आपल्यातल्या बहुतेकींनी वाचलेलं किंवा पाहिलेलं आहे. अठरा वर्षांची पोर, 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाजात बसली आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरली. एकटी, नवरा बरोबर नाही. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत तिने सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तिच्यावर केवढा भार होता बघा! गावाने टोचून बोललेलं, नवऱ्याची जिद्द, धर्माचा शब्द. आणि दहा दिवसांचं बाळ गमावल्याचं दुःख, त्यातून तर डॉक्टर व्हायचं ठरलेलं.

पण न्यूयॉर्कच्या धक्क्यावर तिला घ्यायला एक बाई आलेली होती. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या मिसेस कार्पेंटर. यांनी दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसलेल्या असताना एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि 1880 साली आनंदीला पहिलं पत्र लिहिलं. तीन वर्षं दोघींची पत्रं चालली. एकमेकींना पाहिलेलं नाही, तरी आनंदी त्यांना मावशी मानायची. म्हणजे उतरल्या दिवशी मनातलं खरं सांगता येईल असं एक माणूस तिला होतं. ती त्यांच्याच घरी राहिली आणि मग फिलाडेल्फियाला कॉलेजात गेली. आहार तिने शाकाहारीच ठेवला. 11 मार्च 1886 ला पदवी घेतली. पण तिकडच्या थंडीत तब्येत ढासळत गेली, परत आली ती क्षय घेऊनच, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेली. बावीस वर्षंसुद्धा पूर्ण नव्हती. तिची रक्षा मिसेस कार्पेंटरांकडे पाठवली गेली, ती अमेरिकेत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत आहे. मला नेहमी वाटतं, आनंदीला सगळ्यांनी विचारलं, धर्म पाळतेस ना, अभ्यास करतेस ना, देशाचं नाव राखतेस ना? तुझ्या अंगात ताकद आहे का, हे किती जणांनी विचारलं असेल?

आता काही मैत्रिणी म्हणतील, म्हणजे तुम्ही नियम सोडायला सांगता का? आमच्या विहीणबाई तर म्हणाल्याच, "एकदा सूट दिली की मुलं सगळंच सोडतात." मी तसं अजिबात म्हणत नाही. नियमाशिवाय परदेशात लेकरू हवेत लटकतं, हे मलाही मान्य आहे. गांधीजींना त्या तीन गोष्टींनीच सावरलं. माझं म्हणणं एवढंच की नियम लेकराने समजून घेतलेला असावा, थोडा असावा, आणि तो मोडला तर येऊन सांगता येईल अशी जागा घरात असावी. आपल्याकडे ती जागा आहेच! आपण तिला आलोचना म्हणतो. गुरूंजवळ जाऊन मन उघडं करायचं. रोजच्या प्रतिक्रमणात तरी दुसरं काय करतो आपण? ज्या धर्मात चूक रोज बोलून दाखवायची रीत आहे, त्याच धर्मातल्या घरात लेकराला चूक लपवावी लागते, हे बरोबर नाही.

आणि मी तरी कुठे खरं बोलले होते? 1980 साली लग्न होऊन धुळ्याहून दीपनगरला आले. बी.कॉम.चा निकाल नुकताच लागलेला, तेव्हा आमची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली असत. पहिल्या दिवशी वसाहतीतल्या दोन खोल्या, उन्हाळा, छतावर राख, शेजारी सगळे नोकरीनिमित्त वेगवेगळ्या गावांहून आलेले, ओळख कोणाची नाही. हे रात्रपाळीला गेलेले. मी रात्रभर दाराला खुर्ची लावून बसले होते. सकाळी वडिलांना अंतर्देशीय पत्र लिहिलं, "मी मजेत आहे, काळजी नसावी." ते पत्र आईने बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. धुळ्याहून दीपनगर म्हणजे किती लांब? तरी मला खरं लिहवलं नाही. आणि मी अपेक्षा करते की सात समुद्रापलीकडे, वीस माणसांसमोर, पोरीने खरं बोलावं.

ज्यांची मुलं यंदा निघणार आहेत त्यांच्यासाठी माझ्या वहीतून काही गोष्टी लिहिते.

पहिला फोन एकट्या माणसाने घ्यावा. आईने, नाहीतर लेकराला जो जवळचा वाटतो त्याने. टीव्हीला जोडू नये. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावं, काही बिघडत नाही. आणि पहिला प्रश्न "जेवलीस का" असा नको, कारण त्याला मुलं सवयीने "हो" म्हणतात. "आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" असं विचारा. त्याला "हो" म्हणून सुटता येत नाही.

दोन दिवसांचं खाणं, एक चादर आणि एक गरम कपडा हातातल्या पिशवीत द्या. मोठ्या बॅगेवर विसंबू नका. तिकीट काढताना वार बघा. जर्मनीला जाणार असाल तर शनिवारी रात्री किंवा रविवारी पोहोचेल असं तिकीट नको. त्या अडकवलेल्या खात्यातले पैसे तिकडे नवीन खातं उघडल्याशिवाय हातात येत नाहीत, म्हणून पहिल्या काही आठवड्यांचे पैसे वेगळे, थोडे रोख, थोडे कार्डावर द्या. मुलाला वरण-भात-पोळी तरी करता येऊ द्या, मुलग्यांनासुद्धा. आणि त्या गावात आधीपासून राहणारं एक तरी मूल शोधून निघण्याआधीच ओळख करून द्या. आनंदीला तीन वर्षांच्या पत्रांनी मावशी मिळाली, आता ते दोन दिवसांत होतं.

नियमाचं म्हणाल तर, लेकराला स्वतःला ठरवू द्या. तिथला दिवस किती वाजता मावळतो, कॉलेज किती वाजता सुटतं, हे बघून ठरवू द्या. आगार शब्दांत लिहून ठेवा. तिथी, पर्युषण असं काही जमेल ते जास्त करेल, आपणहून करेल. एक नवकार रोज म्हटला तरी त्याची किंमत कमी नाही.

त्या बुधवारनंतर मी भुसावळला स्थानकात गेले आणि महासतीजींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या नातीसाठी प्रायश्चित्त देतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "नियम कोणाचा होता?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी माझ्यासाठी प्रायश्चित्त मागून घेतलं. काय मागितलं ते इथे लिहित नाही.

रात्री नातीला फोन केला, एकटीने, वरच्या खोलीत बसून. म्हटलं, "बेटा, तुझी चूक नाही. मीच तुला मिच्छामि दुक्कडम् म्हणते." ती जरा हसली आणि म्हणाली, "नानी, संवत्सरी होऊन महिना झाला गं." मी म्हटलं, "असू दे."

आता तिने तिचा नियम तिनेच बसवला आहे. कंदमूळ नाही, पण ताटात आलंच तर अन्न फेकायचं नाही. हिवाळ्यात आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सूर्यास्ताच्या आत जेवण. दुकानं बंद, कॉलेज बंद, त्यामुळे तो दिवस तिला सोपा जातो. नागपूरच्या मुलीला ती खाखरे देते. परवा तिने सांगितलं, अकरावं पाकीट संपलं. मी वहीत खूण केली.

एक पाकीट अजून शिल्लक आहे. ते ती का फोडत नाही, हे मी विचारलेलं नाही. सांगायचं असेल तेव्हा सांगेल.

जय जिनेंद्र.